‘किती आली गं शुगर?’ : इन्सुलिनवर असलेल्या नव्या सुनेला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: नववीत असताना टाइप १ मधुमेह निघाला, तेव्हापासून रोज चार इंजेक्शनं. आता नुकतंच लग्न झालंय. सासरची माणसं प्रेमळ आहेत, पण प्रत्येकाची नजर ताटावर; ग्लुकोमीटर वाजला की आतल्या खोलीतून हाक येते, ‘किती आली गं?’ सगळं नीट करूनही कधी ६०, कधी २८०. चारचौघांत विनोद करून वेळ मारून नेते, रात्री मात्र रडू येतं. हे सगळ्यांचंच होतं का, आणि यावर काही करता येतं का?

मी मधुमेह समुपदेशक आहे. इन्सुलिन कसं घ्यायचं आणि घेत असताना जगायचं कसं, हे शिकवणं हेच माझं रोजचं काम. वयाने मुलीसारखी आहेस म्हणून एकेरीत लिहिते.

हो, सगळ्यांचंच होतं. आणि बाहेरच्यांना वाटतं तसं ते सुईमुळे होत नाही. हल्ली पेनची सुई चार मिलिमीटरची असते. तिची भीती पहिल्या काही दिवसांत जाते. दमवतो तो हिशेब. धडधाकट माणसाचं स्वादुपिंड जे काम झोपेतही बिनचूक करतं, तेच तू जागेपणी अंदाजाने करतेस: पोळ्या किती, भात किती, जिने किती चढायचे, झोपताना आकडा किती. वर त्या हिशेबाची वही घरातल्या प्रत्येकाला तपासायची असते. तुझ्या रडण्यात या दोन्ही गोष्टी मिसळल्यात. पहिल्या गोष्टीवर शरीरशास्त्रातले उपाय आहेत, दुसरीवर घरातले. मी दोन्हींबद्दल लिहिते, पण आधी आकड्यांबद्दल, कारण ‘सगळं नीट करूनही’ हे तुझे शब्द मला खटकले.

आपल्याकडचं लग्नाचं जेवण घे. ‘पानं मांडलीच आहेत, पाचच मिनिटं’ असं कुणीतरी म्हणतं, तू कोपऱ्यात जाऊन इन्सुलिन घेतेस, आणि मग विहीणबाई रुसतात, नाहीतर फोटोवाला नवरानवरीला सोडत नाही. पाऊण तासानंतर अक्षता पडताहेत की तुझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत, हे तुलाच कळत नाही. यात तुझं काहीही चुकलेलं नाही. रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यावं लागतं आणि ते सहा ते आठ तास रेंगाळतं, त्यामुळे पंगतीला ते बेभरवशाचं. लिस्प्रो किंवा अस्पार्टसारखं जलद इन्सुलिन दहा-वीस मिनिटांत कामाला लागतं. ते असेल तर पंगतीचा नियम साधा: वरण-भात पानात पडल्याशिवाय पेन उघडायचं नाही. किती वाढतील, किती आग्रह होईल याचा अंदाज नसेल तर अर्धा डोस आधी आणि उरलेला जेवण संपता संपता, असंही करता येतं. त्याचं प्रमाण डॉक्टरांकडून एकदा ठरवून घे.

पुरणपोळीचं गणित आणखी वेगळं. एका मध्यम पुरणपोळीत साध्या दोन-तीन पोळ्यांइतकं कर्बोदक असतं, आणि वर तुपाची धार. स्निग्धामुळे पोट सावकाश रिकामं होतं. म्हणजे दोन तासांनी आकडा बघून तू खूश होतेस आणि चार-पाच तासांनी तोच आकडा चढतो. तेवढ्यात घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘दुपारी परत काही खाल्लंस का?’ खाल्लेलं नसतं. दुपारचीच पोळी आता पोहोचलेली असते.

आता तुझ्या २८० कडे येते. विनाकारण वाढलेल्या आकड्यांपैकी बऱ्याच आकड्यांना कारण असतं, फक्त ते ताटात नसतं आणि सगळे ताटातच शोधत बसतात. आंब्याच्या दिवसांत रस काढल्यावर हात नीट न धुता बोट टोचलं तर मीटरवर दिसतो तो आकडा रक्ताचा नसून हापूसचा असतो. यात स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही, साबण-पाणी लागतं. पाणी नसेलच तर पहिला थेंब पुसून दुसरा घे. ३५० बघून घाबरून जास्तीचं इन्सुलिन टोचून घेणारी आणि तासाभराने घामाघूम होणारी माणसं मी पाहिली आहेत.

दुसरं, पोटावरची आवडती जागा. प्रत्येकाची असते. बेंबीच्या डाव्या हाताला, जिथे टोचलं तरी दुखत नाही. दुखत नाही कारण तिथे चरबीची गाठ तयार झालेली असते, आणि त्या गाठीतून इन्सुलिन कधी पोहोचतं, कधी अडकून बसतं. आज आंघोळीच्या वेळी बोटांनी चाचपून बघ. गाठ लागली तर ती जागा काही महिने सोडून दे. मात्र नव्या जागेत तेवढंच इन्सुलिन जास्त लागू पडतं, तेव्हा पहिले काही दिवस शुगर घसरण्याची शक्यता धरून चाल आणि डोसबद्दल डॉक्टरांशी आधी बोल.

तिसरं, उकाडा. वैशाखात अकोल्याला किंवा नागपूरला स्कूटरच्या डिकीत तासभर राहिलेलं इन्सुलिन दिसायला स्वच्छच दिसतं, पण त्यातला दम गेलेला असू शकतो. उलट फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठलेलंही टाकूनच द्यायचं. न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरातलं ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालतं, तरी आपल्या पेनच्या खोक्यावर काय लिहिलंय ते वाच. वीज जात असेल तर माठात, पाणी शिरणार नाही अशा डब्यात ठेव. ही गावाकडची सोय अजूनही उत्तम आहे.

पेनऐवजी सिरिंज वापरत असशील तर हेही बघ: आपल्याकडे ४० च्या आणि १०० च्या अशा दोन ताकदींचं इन्सुलिन मिळतं, आणि सिरिंजही वेगवेगळ्या. लाल टोपीची ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमधून घेतलं तर डोस अडीचपट होतो. औषधाच्या दुकानातला मुलगा ‘ताई, सगळ्या सारख्याच’ म्हणाला तर हसून दुकान बदल.

चौथं कारण कुणी मोठ्याने सांगत नाही. पाळीच्या आधीच्या आठवड्यात बऱ्याच जणींची शुगर काहीही जास्त न खाता वाढते, आणि पाळी सुरू झाली की धाडकन खाली येते. तीन महिने तारखा आणि आकडे शेजारी शेजारी लिहून बघ. तुझा साचा दिसला तर त्या आठवड्याचा डोस वेगळा ठरवता येतो. तापाचं तसंच, पहाटे तीन-चारनंतर वाढणाऱ्या शुगरचं तसंच. शरीर जागं होण्याची तयारी करतं, संप्रेरकं सुटतात, यकृत साखर सोडतं. रात्री चोरून पेढा खाल्ला म्हणून सकाळची शुगर वाढली, असा निकाल देण्याआधी घरच्यांना हे सांग.

दंडाला सतत शुगर मोजणारा सेन्सर लावला असेल तर त्याची आणखी वेगळी तऱ्हा. त्याच कुशीवर झोपलं की दबावाने सेन्सर खोटाच आकडा खाली दाखवतो, रात्री अडीचला बोंब मारतो, अख्खं घर जागं होतं, बोट टोचून बघावं तर ११८. सासरे बिचारे साखरेचा डबा घेऊन दारात उभे. शिवाय सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, पेशींभोवतालच्या द्रवातली मोजतो, त्यामुळे तो काही मिनिटं मागे असतो. साखर खाल्ल्यावरही तो ‘कमी, कमी’ म्हणत राहतो, म्हणून माणूस खात राहतो, आणि तासाभराने २६०.

एवढं सगळं तपासूनही काही आकडे उरतातच. तेच जेवण, तोच डोस, तेच चालणं. सोमवारी १२०, मंगळवारी २१०. त्यांना माझ्याकडेही उत्तर नाही आणि तुझ्या डॉक्टरांकडेही नाही. जास्त आहे तर इन्सुलिनने दुरुस्त करायचं, कमी आहे तर साखरेने, आणि पुढच्या कामाला लागायचं. प्रत्येक आकड्याचं स्पष्टीकरण देणं तू लागत नाहीस. मलाही नाही.

‘मलाही नाही’ हे मुद्दाम लिहिलं. आमच्याकडे लोक शुगरच्या नोंदींची वही घेऊन येतात. महिनाभराचे आकडे एकाच पेनने, एकाच शाईत, एकाच तिरप्या अक्षरात. सगळे ११० ते १४० च्या मधले आणि बहुतेक शून्यावर संपणारे. ते काल रात्री किंवा रिक्षात बसून लिहिलेत हे आम्हाला कळतं, गं. पण मी त्यांना दोष देत नाही. २८० लिहिल्यावर ज्याला तीनदा बोलणी बसली, तो चौथ्यांदा १३० च लिहिणार. तोटा एवढाच की त्या १३० वर कुणीच डोस सुधारू शकत नाही. पानावर चहाचा डाग, मध्येच कोरे दिवस आणि एखादा ३४० अशी वही दिसली की मला हायसं वाटतं; तिच्यावर काम करता येतं.

शुगर उतरण्याबद्दल. ७० च्या खाली गेली की उतरली, ५४ च्या खाली गेली की धोका. या प्रकाराला विनोदी अंग आहे, हे ज्यांनी भोगलंय तेच कबूल करतात. शुगर उतरलेला माणूस जगातला सर्वांत हट्टी माणूस असतो. ‘मला काही झालेलं नाही’ हे वाक्य तो जितक्या जोरात म्हणतो तितकी ती खाली असते. नवऱ्याशी पडद्यांच्या रंगावरून कडाक्याचं भांडण, मग बोट टोचलं तर ४८. रात्री फ्रीजसमोर उभं राहून श्रीखंड, कालची उसळ, जॅम आणि पुन्हा श्रीखंड. सकाळी डोकं जड, शुगर ३००, आणि जॅमच्या बाटलीत चमच्याऐवजी पेन्सिल.

उपाय घरच्यांना आधीच पाठ करून दे, कारण ऐन वेळी तू धड सांगू शकणार नाहीस: १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज, म्हणजे चहाचे तीन सपाट चमचे, पाण्यात ढवळून, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं, ७० च्या वर आली नसेल तर तेवढंच परत. चॉकलेट नको, त्यातलं स्निग्ध साखरेला उशीर करतं. ‘डाएट’ लिहिलेलं शीतपेय तर मुळीच नको. त्यात साखर नसतेच, आणि काळजीपोटी धावत गेलेला नवरा नेमकं तेच आणतो. सगळ्यात अस्सल मराठी अडचण ही की एखादी मावशी ऐन वेळी हात धरते: ‘अगं, तिला शुगर आहे, साखर काय देताय!’ तेव्हा घरात एक वाक्य ठरवून टाका: घाम, थरथर, चिडचिड दिसली तर आधी साखर, चर्चा नंतर. बेशुद्ध असशील तर मात्र तोंडात काहीही ओतायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि दवाखाना गाठायचा. ग्लुकागॉन, म्हणजे शुगर चढवणारं तातडीचं औषध, घरात असेल तर ते कसं द्यायचं हे किमान दोघांना यायला हवं.

याची दुसरी बाजूही सांगते, कारण ती उपासाला आडवी येते. हरितालिका येईल, वटपौर्णिमा येईल. ‘काही खाणार नाही तर इन्सुलिन कशाला?’ हा प्रश्न घरात हमखास निघेल. पायाभूत, म्हणजे दिवसभर पुरणारं दीर्घ इन्सुलिन उपासालाही घ्यायचं असतं, उलट्या होत असल्या तरी घ्यायचं असतं. डोस कमी करायचा का ते डॉक्टर ठरवतील, पण बंद कधीच नाही. ते बंद केलं की शरीर चरबी जाळून कीटोन नावाची आम्लं साठवतं: पोटात दुखणं, उलट्या, धाप, श्वासाला फळासारखा वास. तिथून अतिदक्षता विभाग दूर नसतो. निर्जळा उपास तुझ्यासाठी नाहीच, हे पहिल्या वर्षीच सांगून टाक. दुसऱ्या वर्षी सांगणं अवघड जातं. आणि साबुदाण्याची खिचडी हलकी असते या गैरसमजातून सासूबाईंनाही बाहेर काढ. ती जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. दाण्याचं कूट आणि तूप काय अडवतील तेवढंच.

आता माणसं. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथ्या, कुठल्याशा गावचे वैद्य. ‘लहानपणी गोड फार खायचीस का?’ ‘इन्सुलिनची सवय लागते म्हणतात.’ टाइप १ गोड खाऊन होत नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. पण हे भाषण हळदीकुंकवात देऊ नकोस, वाण घेऊन निघायला उशीर होईल. माझ्याकडे येणारी एक कॉलेजची मुलगी सवयीच्या मुद्द्यावर म्हणते, ‘काकू, तुम्हालाही आहे सवय, तुमचं आत बनतं म्हणून दिसत नाही.’ एवढं पुरे.

एका गोष्टीवर मात्र हसून सोडू नकोस. निदान झाल्यावर इन्सुलिन सुरू केलं की काही जणांचं स्वादुपिंड थोडं सावरतं आणि काही आठवडे ते काही महिने डोस खूप कमी लागतो. डॉक्टर याला हनिमून म्हणतात. तो संपतोच. पण नेमक्या त्याच काळात कुणी काढा सुरू केला असेल तर श्रेय काढ्याला जातं, ‘आमच्या भाच्याचं इन्सुलिन सुटलं’ ही कथा गावभर होते, आणि तो भाचा पुढे कधी दवाखान्यात पोहोचला ते कथेत येत नाही. तुझ्या नात्यात एखाद्या लहान मुलाला टाइप १ निघालं आणि असा सल्ला मिळायला लागला तर तिथे सभ्यपणा बाजूला ठेव.

इन्सुलिनच्या आधी काय होतं हे ज्यांना सांगायचं त्यांना सांग. टोरांटोत ११ जानेवारी १९२२ ला चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन दिलं. तोवर अशा मधुमेही मुलांवरचा ‘उपचार’ म्हणजे जवळजवळ उपाशी ठेवणं. त्याने फक्त मरण पुढे ढकललं जायचं. तो पहिला अर्क पुरेसा शुद्धही नव्हता. जेम्स कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाने शुद्ध करून दिलेला अर्क २३ जानेवारीला टोचल्यावर फरक पडला. सासऱ्यांना क्रिकेट आवडत असेल तर याहून सोपं उदाहरण आहे: वसीम अक्रमला १९९७ मध्ये मधुमेह निघाला, इन्सुलिन सुरू झालं, आणि १९९९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानचा कर्णधार तोच होता.

घराबद्दल माझा सल्ला असा की प्रेमळ माणसांना ‘लक्ष देऊ नका’ सांगून ती ऐकत नाहीत. त्यांना लक्ष द्यायला काहीतरी द्यावं लागतं. सासूबाईंना एक ठरावीक काम दे: ग्लुकोजचा डबा कुठे आहे, तो भरलेला आहे का, आणि तू वेळेवर उठली नाहीस तर सकाळी एकदा हाक मारणं. हे खरोखर महत्त्वाचं काम आहे, उगीच समजूत काढणं नाही. बदल्यात ‘किती आली?’ हा प्रश्न घरातून जाऊ दे. त्याच्या जागी ‘काही हवंय का?’ विचारायचं. नवऱ्याच्या फोनवर सेन्सरचे आकडे जात असतील तर त्याला फक्त ७० खालचा इशारा सुरू ठेवायला सांग. ऑफिसात बसून तुझा १९० बघून ‘डबा सोडून काय खाल्लंस?’ असा मेसेज पाठवणारा नवरा काळजीच करत असतो, पण त्या काळजीने संसार होत नाही. आणि संक्रांतीला तिळगुळाची छोटी वडी उघडपणे खा, मोजून, डोसात धरून. ती अर्ध्या पोळीहून जास्त नाही. लपून खाल्लेली वडी कुणाच्याच हिशेबात येत नाही.

रडण्याचं राहिलं. विनोद कर, जरूर कर. इन्सुलिनवरच्या माणसांचे आपसातले विनोद आमच्या व्याख्यानांपेक्षा जास्त कामाचे असतात. पण तू सतत हसवत राहिलीस तर तू दमली आहेस हे घरात कुणालाच कळायचं नाही, आणि तसंच झालेलं दिसतंय. या दमण्याला आमच्या क्षेत्रात नाव आहे, डायबेटिस डिस्ट्रेस. ते नैराश्य नव्हे, आणि ते खूप जणांना येतं. पण डोस चुकवावेसे वाटायला लागले, मीटर हातात घ्यायचाच कंटाळा आला, किंवा झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस. डॉक्टरांना शुगरच्या आधी हे सांग.

आणखी एक. तू विचारलं नाहीस, पण आज ना उद्या घरात कुणीतरी ‘गोड बातमी’ विचारेल, आणि कुणीतरी हळूच ‘मुलाला पण होईल का?’ असंही. आईला टाइप १ असेल तर मुलाला होण्याची शक्यता शेकडा १ ते ४ च्या आसपास असते. वडिलांना असेल तर उलट थोडी जास्त. टाइप १ असलेल्या अनेक बायकांची बाळंतपणं व्यवस्थित होतात, फक्त ती ठरवून व्हावी लागतात: दिवस राहण्याआधीच एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ६.५ च्या खाली आणायचा प्रयत्न, तोही शुगर वारंवार उतरू न देता. फॉलिक ॲसिड आधीपासून, आणि डोळ्यांची व मूत्रपिंडाची तपासणी. त्या भेटीला नवऱ्याला सोबत ने, आणि सासूबाईंचे प्रश्न त्याच्याकडून कागदावर लिहून घे. डॉक्टरांनी दिलेली उत्तरं घरी त्यानेच सांगावीत.